स्वभावाच्या नावावर खपलेला आजार

थायरॉईड कमी पडणं हा काही दुर्मीळ आजार नाही. रक्ताच्या एका साध्या चाचणीत तो सापडतो आणि रोज सकाळी एक छोटी गोळी घेतली की बहुतेकांचं सुरळीत चालतं. इतकं सोपं असूनही माझ्या बाबतीत तो सापडायला पाचेक वर्षं गेली. ताप असता, कुठे गाठ आली असती, रक्त पडलं असतं, तर आठवड्याभरात धावाधाव झाली असती. माझ्यात दिसत होता तो मंदपणा, झोप, विसराळूपणा, कशातच मन नसणं. आपल्याकडे ह्या गोष्टींना आजार म्हणायची पद्धत नाही, त्यांना स्वभाव म्हणतात. ती वर्षं कशी गेली आणि उपचार कसा मिळाला हे मला नीट सांगायचं आहे, कारण अशी माणसं आपल्या आसपास आहेत आणि त्यांना रोज कुणीतरी ‘जरा हातपाय हलव’ असं ऐकवत असतं.

मी इंदूरचा. जन्म रामबागेतला, आता घर सुदामानगरात. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधल्या एका घाऊक पेढीवर हिशेब सांभाळतो. खंडवा, रतलाम, झाबुआ, पार धुळ्यापर्यंतचे व्यापारी आमच्याकडून माल उचलतात. कुणाकडून किती येणं आहे, कुणी मागच्या दिवाळीचं अजून चुकतं केलेलं नाही, हे मी वही न उघडता सांगत असे. सेठजी नव्या पोरांना म्हणायचे, “कंप्यूटर बाद में देखना, पहले भाऊ से पूछो.”

सुरुवात नेमकी कधी झाली हे मला आजही सांगता येत नाही, आणि ह्या दुखण्याची ही मोठी अडचण आहे. ते एका दिवशी येत नाही. रोज कणाकणाने माणूस कमी होत जातो आणि त्याचं नवं रूप घरच्यांच्या सवयीचं होऊन जातं.

पहिल्यांदा आठवते ती थंडी. फाल्गुन संपत आला तरी माझ्या अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर असायचा. पेढीवर पंखा लावला की मी गादी सोडून कोपऱ्यात जाऊन बसायचो. एका रंगपंचमीला राजवाड्यावर गेर बघायला गेलो होतो. इंदुरात जन्मलेल्या माणसाला गेर काय हे सांगावं लागत नाही: टँकरमधून रंगीत पाण्याचे फवारे उडतात, तोफेतून गुलाल आभाळात जातो, सगळा सराफा आणि राजवाडा माणसांनी भरून जातो. भर दुपारचं ऊन होतं, आजूबाजूची पोरं उघड्या अंगाने नाचत होती आणि एकच फवारा अंगावर आला तर माझे दात वाजायला लागले. एका दुकानाच्या पायऱ्यांवर अंग चोरून बसलो. घरी येऊन गोधडी घेऊन झोपलो. मुलीला वाटलं ताप आलाय. तिने थर्मामीटर लावला तर पारा सत्त्याण्णवच्याही खाली. “ताप नाहीये बाबा, उगाच काय,” ती म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

मग आवाज गेला. बसला नाही, जाड झाला. वसुलीचे फोन मीच करायचो, समोरचा व्यापारी पैशांचं बोलायच्या आधी विचारायचा, “भाऊ, सर्दी हो गई क्या?” जीभ तोंडात मोठी झाल्यासारखी वाटायची. घरच्या गणपतीची आरती मी उचलायचो, ती मुलीकडे गेली. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे चित्ररथ, बघत आम्ही पूर्वी रात्र रात्र जागायचो. त्या वर्षी मी नऊ वाजताच आडवा झालो.

सगळ्यात जड गेलं ते डोकं. बडवाहच्या एका जुन्या व्यापाऱ्याने सहज विचारलं, “भाऊ, मेरा कितना निकलता है?” आणि मला काही आठवेना. मी स्क्रीन उघडली. आकडे दिसत होते, पण त्यांची बेरीज मनात बसेना. एकदा केली, परत केली, हातात पेन तसंच. तो माणूस अवघडून म्हणाला, “कोई बात नहीं, शाम को बता देना.” थोड्या दिवसांनी सेठजींनी वसुलीचं काम एका तरुण मुलाकडे दिलं. ते रागाने काही बोलले नाहीत. “आप आराम करो भाऊ, बहुत कर लिया,” एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरांकडे मी जात नव्हतो असं नाही. उलट फार जणांकडे जात होतो. रामबागेतले आमचे घरचे डॉक्टर, ज्यांनी मला लहानपणापासून पाहिलं होतं, ते वारले होते. त्यांच्यानंतर प्रत्येक तक्रारीचा डॉक्टर वेगळा झाला. पोट साफ होत नाही, तर इसबगोल आणि भरपूर पाणी. कातडी कोरडी पडते, केस गळतात, तर मलम आणि केसांच्या गोळ्या. आवाजासाठी नाकात नळी घालून बघितलं. स्वरयंत्राला थोडी सूज आहे, ॲसिडिटीमुळे असेल, मसाला कमी करा. हाताची बोटं रात्री बधिर होतात म्हणून नसांची तपासणी झाली. मनगटाशी नस दबते आहे, लहानसं ऑपरेशन करून मोकळी करू, असं ठरलं. कोलेस्टेरॉल 292 निघालं, त्याची गोळी सुरू झाली आणि तिच्यानंतर पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की पेढीचा जिना मी कठडा धरून चढायला लागलो. मग पायांसाठी हाडांचे डॉक्टर. शेवटी मनाचे डॉक्टर. ते बिचारे खूप शांतपणे ऐकून घेणारे होते. त्यांनी दिलेल्या गोळीने झोप मात्र आणखी वाढली.

ह्यातला कुणीही अडाणी नव्हता. ज्याने त्याने आपल्यासमोर आलेला तुकडा बरोबर ओळखला होता. हाताची नस खरंच दबत होती, स्वरयंत्राला खरंच सूज होती, कोलेस्टेरॉल खरंच वाढलं होतं. सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी फिरत होतो, पण ती पिशवी कुणी टेबलावर एकत्र ओतून बघितली नाही. एका ठिकाणी मीच विचारलं होतं, थायरॉईड असू शकेल का? उत्तर मिळालं, “तो बायकांचा आजार, पुरुषांत कशाला?” बायकांना तो पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो हे खरंच आहे. पण पुरुषाच्या गळ्यातही तीच ग्रंथी असते, आणि तीही बिघडते. त्या एका वाक्यात माझं जवळजवळ दीड वर्ष गेलं, ह्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

घरात काय चाललं होतं हे सांगणं अवघड आहे, पण ते गाळलं तर बाकी सांगण्याला अर्थ नाही. माझी बायको मूळची बोलकी, चटपटीत. ती काही सांगायला लागली की माझे डोळे मिटायचे. “अहो, मी तुमच्याशी बोलतेय,” हे वाक्य दिवसातून कितीदा यायचं. विजेचं बिल भरायचं राहून जाई, गॅसचा नंबर लावायचा राहून जाई. नवराबायकोच्या नात्यातलं जे चारचौघांत बोललं जात नाही, तेही थांबलं होतं, आणि त्याचा अर्थ तिने आपल्या परीने लावला होता. तिची चूक नव्हती. माणूस दिवसभर खुर्चीत बसून राहतो, विचारलं तर ‘हं’ म्हणतो, तर बघणाऱ्याने काय समजायचं? मुलगी होळकर सायन्स कॉलेजला होती. एकदा जेवताना आईला म्हणाली, “बाबांना सांगून काय उपयोग? त्यांना फरकच पडत नाही.” मी समोर बसलो होतो. ते वाक्य मला लागायला हवं होतं तितकं लागलं नाही. आज सगळ्यात जास्त भीती मला त्या आठवणीची वाटते. आजाराने शरीराचा वेग कमी केला तसा मनाचाही केला होता. दुःखसुद्धा आतपर्यंत पोचत नव्हतं.

निदान झालं ते अगदी अवचित. आईच्या साखरेचा रिपोर्ट दाखवायला तिला घेऊन अन्नपूर्णा रोडवरच्या एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. त्या आईची चिठ्ठी लिहीत होत्या. मी विचारलं, “यह गोली खाने के पहले या बाद में?” त्यांनी पेन थांबवून वर बघितलं.

“आपकी आवाज़ शुरू से ऐसी है?”

मी काही बोलायच्या आतच आई म्हणाली, “नाही हो, ह्याचा आवाज चांगला खणखणीत होता.”

त्यांनी मला जुना फोटो मागितला. पाकिटात लायसन होतं. लायसनवरचा फोटो आणि माझा चेहरा त्यांनी आळीपाळीने पाहिला आणि तो आईलाही दाखवला. रोज आरशात बघत असूनही मला जे दिसलं नव्हतं ते त्या छोट्या फोटोत दिसलं: डोळ्यांखाली आणि गालांवर सूज, ओठ जाड, आणि भुवयांची बाहेरची टोकं जवळजवळ पुसून गेलेली. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला. साध्या सुजेत खड्डा पडतो तसा पडला नाही. नाडी मोजली, 52. मग मला खुर्चीवर गुडघे टेकवून उलटं बसायला सांगितलं, पावलं मागे लोंबकळत. टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडीने हलकेच मारलं. पाऊल झटकन खाली गेलं आणि परत यायला रेंगाळलं. माझं मलाच ते जाणवलं. त्यांनी पुन्हा मारलं, पुन्हा तसंच. “देखिए आंटी,” त्या आईला म्हणाल्या, “जाता जल्दी है, लौटता धीरे है.” थायरॉईड फार कमी झालं की स्नायू आखडतात ते वेळेवर सैल होत नाहीत, त्याची ही खूण. त्यासाठी ना मशीन लागतं, ना पैसे.

मग त्यांनी पाण्याचा घोट घ्यायला लावून गळा चाचपला आणि विचारलं, घरात कुणाला थायरॉईड आहे का? मी ‘नाही’ म्हणणार होतो. आई म्हणाली, “माझ्या नणंदेला आहे की, देवासला. रोज सकाळची गोळी असते तिची.” आत्या गोळी घेते हे मलाही माहीत होतं, पण आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. टीएसएच शंभराच्या पुढे. साधारण 0.4 ते 4 च्या आसपास असायला हवं ते. फ्री टी-4, म्हणजे ग्रंथी बनवते ते हार्मोन, अगदी तळाला, 0.3. आणि अँटी-टीपीओ नावाच्या अँटिबॉडी भरपूर वाढलेल्या. पेढीवरचा एक सहकारी म्हणाला, “टीएसएच इतकं जास्त म्हणजे तुझं थायरॉईड वाढलंय.” हा गैरसमज खूप जणांचा असतो, म्हणून सांगतो. टीएसएच थायरॉईड ग्रंथी बनवतच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येतं. गळ्यातल्या ग्रंथीला ‘काम कर’ असा तो हुकूम असतो. ग्रंथी मंदावली की हुकूम वाढत जातो. म्हणून ग्रंथीतच बिघाड असेल तर टीएसएच जितकं जास्त, तितकं शरीराला मिळणारं हार्मोन कमी. शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते तेव्हा अँटिबॉडी अशा वाढतात. हाकारू हाशिमोतो ह्या जपानी डॉक्टरने 1912 साली चार रुग्णांच्या ग्रंथींत हा बिघाड पाहून लिहून ठेवला, म्हणून त्याचं नाव लागलं. ते चारही रुग्ण बायका होत्या.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लक्षणं लिहून दिली होती, पुढच्या वेळी काय काय कमी झालं ते सांगायचं म्हणून. बायकोने तो कागद दिव्याखाली धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. थंडी, झोप, बद्धकोष्ठ, घोगरा आवाज, विसर, निरुत्साह, हाताला मुंग्या, पायात गोळे. वाचून झाल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे तुम्ही मुद्दाम करत नव्हतात.” एवढंच. पण त्या वर्षांत मला कुणी काही दिलं असेल तर ते हे वाक्य.

मुलीने त्या रात्री वाचून दाखवलं की 1891 साली इंग्लंडात जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरने अशाच एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती त्यानंतर 28 वर्षं जगली. आता मेंढीची गरज उरलेली नाही. मला दिलेल्या गोळीतलं औषध, लेव्होथायरॉक्सिन, कारखान्यात बनतं आणि आपली ग्रंथी जे टी-4 बनवते तेच हे असतं, रेणूला रेणू. ‘एकदा सुरू केली की आयुष्यभर सुटत नाही’ अशी भीती मला पुष्कळांनी घातली. मी हिशेबाचा माणूस आहे, मला ते असं कळलं: खात्यात रोज काही रक्कम कमी पडते आहे, तेवढीच रोज भरायची. त्याला व्यसन कसं म्हणायचं?

सुरुवात 25 मायक्रोग्रॅमपासून झाली, तीही ईसीजी काढून. मला वाटलं होतं, टीएसएच एवढं आहे तर मोठा डोस देतील. पण वय पन्नाशीच्या पुढे, कोलेस्टेरॉल वाढलेलं. इतकी वर्षं संथ चाललेल्या हृदयाला एकदम वेग दिला तर ताण पडतो. म्हणून हळूहळू वाढवत न्यायचं. दर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघायचं, त्याच्या आधी बघून उपयोग नाही, कारण हे औषध शरीरात स्थिरावायलाच तेवढा वेळ लागतो. रक्त द्यायचं त्या सकाळी गोळी रक्त दिल्यावर घ्यायची.

गोळी घेण्याची रीत ही अर्धी लढाई आहे. उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास ते तासभर काही नाही. इंदूरच्या माणसाची सकाळ चहाने उघडते आणि पोहे-जिलेबीवर येते. तो चहा तासभर लांबवणं आमच्या घरात सोपं गेलं नाही, कारण मी उठलो की आई आधण ठेवायची आणि तिला नाही म्हणणं जिवावर यायचं. शेवटी गोळी उशाशीच ठेवली, साडेपाचला घेऊन परत पडायचं. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची औषधं किमान चार तास लांब. आणि सोयाबीन. माळव्यातल्या लोकांना हे कुणीतरी मुद्दाम सांगायला हवं. आपल्याकडे शेतात सोयाबीन, तेल सोयाबीनचं, भाजीत सोयाबडी, आणि ताकदीसाठी म्हणून चक्कीवर गव्हात मूठभर सोयाबीन टाकून दळायची पद्धत. सोयातल्या प्रथिनांमुळे ही गोळी नीट शोषली जात नाही. सोयाबीन बंद करायची गरज नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. फक्त गोळीच्या वेळेपासून दूर ठेवा आणि आज खूप, उद्या काहीच नाही असं करू नका.

सल्ले मात्र दारापाशी रांग लावून आले. धणे भिजवलेलं पाणी प्या. साधं मीठ सोडून सैंधव घ्या. कोबी, फ्लॉवर बंद करा. मावशीबाईंनी तर अश्वगंधाची बाटलीच आणून दिली. प्रेमापोटीच सगळं, हे मला कळतं. पण ह्यातलं सैंधव मला खरोखर काळजीचं वाटतं. आपल्या देशात 1962 पासून गळगंड आटोक्यात आणायचा कार्यक्रम चालला, मिठात आयोडीन घातलं गेलं, त्यामुळे कित्येक मुलं वाचली. आणि आता आपण थायरॉईडच्या नावाखाली घरभर बिनआयोडीनचं मीठ सुरू करायचं? माझ्या आजारात जास्त आयोडीन घेऊन फायदा नाही, पण घरातल्या इतरांचं, विशेषतः घरात कुणी गरोदर असेल तर तिचं आयोडीन काढून घेणं धोक्याचं आहे. अश्वगंधाने थायरॉईडचे आकडे हलू शकतात, तेव्हा डॉक्टरांना न सांगता ते घेऊ नये. शिजवलेली कोबी मी आजही खातो.

बरं वाटायला लागलं ते मात्र उलट्या क्रमाने. मला वाटायचं आधी उत्साह येईल. आधी लघवी वाढली आणि चेहऱ्यावरची सूज उतरली. बोटातली लग्नातली अंगठी, जी साबण लावूनही निघत नव्हती, ती एका सकाळी हात धुताना आपोआप सरकली. मग थंडी कमी झाली. आवाज कितीतरी महिन्यांनी मोकळा झाला, रतलामच्या एका व्यापाऱ्याने फोनवर विचारलं, “कौन बोल रहा है?” आणि मी नाव सांगितल्यावर हसला. डोकं सगळ्यांच्या शेवटी उघडलं. मधल्या काळात धीर खचतो. गोळी सुरू होऊन दोन महिने झाले, रिपोर्ट सुधारतोय आणि आपण मात्र तिथेच, असं वाटतं. एकदा डोस वाढवल्यावर छातीत धडधड व्हायला लागली, रात्री झोप लागेना. डॉक्टरीणबाईंनी एक पायरी खाली आणला, 88 वर, तिथे बरेच महिने ठेवलं आणि मग वर नेला. अशा वेळी गोळी आपल्या मनाने सोडणारे पुष्कळ असतात. सोडू नका, फोन करा.

वजन अकरा किलो वाढलं होतं. त्यातलं साडेचार-पाच गेलं. बाकीचं? “सगळं वजन थायरॉईडच्या नावावर टाकू नका,” असं मला स्पष्ट सांगण्यात आलं. ह्या आजारात वाढणारं वजन बरंचसं पाण्याचं आणि मिठाचं असतं. ते जितकं होतं तितकं उतरलं. उरलेल्यासाठी मेघदूत बागेत चालायला जातो.

पोटऱ्यांचं कोडंही सुटलं. थायरॉईड कमी असताना कोलेस्टेरॉल आपोआप वाढतं, आणि तशा अवस्थेत त्याची गोळी दिली तर स्नायू दुखायची शक्यता वाढते. डॉक्टरीणबाईंनी ती गोळी थांबवली, आधी थायरॉईड भरून काढलं. काही महिन्यांनी गोळीशिवाय कोलेस्टेरॉल 204 आलं. हाताच्या मुंग्या जवळजवळ गेल्या, मनगटाचं ऑपरेशन करावंच लागलं नाही. मनाच्या डॉक्टरांकडे मी स्वतः रिपोर्ट घेऊन गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला, आपली गोळी टप्प्याटप्प्याने कमी करून बंद केली आणि म्हणाले, “हा कागद मला माझ्या फाईलला लावायचा आहे.” मला त्यांच्याविषयी आदर वाटला.

मध्ये एक विचित्र प्रकार झाला. सगळं जागेवर येत असताना टीएसएच एकदम 0.2 आलं, म्हणजे डोस जास्त होतोय असं दाखवणारं. पण धडधड नाही, घाम नाही, काही नाही. दुसऱ्या कुणी सरळ डोस कमी केला असता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “और क्या-क्या ले रहे हैं?” केसांसाठी दिलेल्या गोळ्या मी परत सुरू केल्या होत्या. त्यात बायोटिन असतं, मोठ्या प्रमाणात. पुष्कळ लॅबमध्ये चाचणीच्या रसायनात बायोटिनचा वापर असतो, आणि रक्तातलं बायोटिन त्यात लुडबुड करून आकडे खोटे दाखवतं. त्या गोळ्या काही दिवस बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं तर टीएसएच 2.6. केस गळतात म्हणून बायोटिन घेणाऱ्या आणि केस गळतात म्हणूनच थायरॉईड तपासणाऱ्या बायका आपल्याकडे किती असतील, ह्याचा विचार करून मला अस्वस्थ व्हायला होतं. लॅबवाल्याने रक्त काढताना एवढं एक विचारायला काय हरकत आहे?

वसुलीचं काम माझ्याकडे परत आलेलं नाही. तो मुलगा चांगलं करतो, मी त्याला जुनी खाती समजावून देतो. घरी बायको बोलत असते आणि मी ऐकत असतो. मुलीच्या कॉलेजच्या वर्षांत मी तिच्यासोबत नव्हतो. ती वर्षं गोळीने परत येत नाहीत. हे आम्ही दोघं एकदा मोकळेपणाने बोललो. तिला माझ्यावर राग होता आणि तो राग खरा होता, आजाराचं नाव कळल्यावरही तो लगेच गेला नाही. मीही तो जायला हवा असा हट्ट धरला नाही.

आत्याला देवासला फोन करून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “तुझे बाबा शेवटी शेवटी असेच झाले होते रे. मे महिन्यात शाल घेऊन बसायचे.” बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. ते अखेरच्या काळात कुणाशी बोलत नसत, दिवसभर झोपत, आवाज बसलेला असे. आम्ही त्याला म्हातारपण म्हणालो, थोरले काका हट्टीपणा म्हणाले. त्यांचं रक्त कुणी तपासलं नव्हतं, त्यामुळे आता काही ठरवता येणार नाही. पण त्या फोननंतर मी घरातल्या प्रत्येकाच्या मागे लागलो. मुलीचं टीएसएच नॉर्मल आलं. तिला सांगून ठेवलंय की पुढे दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत आपल्या घरात हे आहे असं सांगायचं, कारण गरोदरपणात सुरुवातीला बाळ आईच्याच थायरॉईडवर अवलंबून असतं.

धाकटा भाऊ उज्जैनला असतो. तो महिनाभर ‘मला काही होत नाही’ म्हणत टाळत होता. शेवटी वहिनीने ओढून नेलं. टीएसएच 7.1, टी-4 नॉर्मल. तिथल्या डॉक्टरांनी लगेच गोळी दिली नाही. इतक्या वाढीत कधी कधी आकडा आपोआप खाली येतो, म्हणून तीन महिन्यांनी अँटिबॉडीसकट पुन्हा तपासून ठरवू म्हणाले, आणि ते मला पटलं. त्या तपासणीला मी उज्जैनला जाणार आहे, कारण एकटा गेला तर तो डॉक्टरांना ‘काही त्रास नाही’ एवढंच सांगून येईल.